गणपतरावांचं सातवं बोट

कोल्हापुरात आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि हल्ली तिसरं काम म्हणून शाहूपुरीत सोनकाठ गूळ संघाच्या सभागृहात जाऊन गणपतरावांची बोटं मोजतो. एकदा मोजून झाली की पुन्हा मोजतो, कारण पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. उजव्या हाताला सहा बोटं. मग नजर खाली जाते, तर दोन्ही पाय डावे. मागच्या खिडकीत एक देऊळ आणि त्याच्या कळसातून निघालेला धूर. खुर्चीमागून एक म्हैस डोकावते, तीही अशा चेहऱ्यानं की संचालक मंडळाच्या बैठकीची नोटीस तिलाही मिळाली असावी. आणि या सगळ्याच्या वर, पैलवानाला शोभेल अशा मानेवर, गणपतरावांचं लहानसं, काळजीत पडलेलं डोकं.

हे चित्र शिवशरण तोडकर यांनी काढलेलं. ‘यांनी’ म्हणायची पद्धत अलीकडची आहे. चाळीस वर्षं सगळा गाव त्याला शिवा पेंटर म्हणत होता आणि तोही त्या नावाला ओ देत होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही सूचना, सगळं त्याच एका हातचं. पुढं फ्लेक्स आले. ज्यांच्या दुकानाची पाटी त्यानं वीस वर्षं रंगवली, त्यांनी एका दुपारीत ती उतरवून त्याच्याच दारात आणून टाकली, वर चहा पिऊन गेले. शिवशरण चिडला नाही. पाटीची फळी चांगली सागवानी होती, तिचं त्यानं बायकोला पोळपाट करून दिलं. बायको रुद्राणी, गडहिंग्लजकडची. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकायची, आणि फ्लेक्स आल्यापासून घर तिच्याच हातावर चालत होतं. हे ती कधी बोलून दाखवत नसे. तवा आपटत असे, तेवढंच.

आता त्या चित्राची खरी हकीकत सांगायला हवी, कारण खोटी हकीकत संघाच्या संकेतस्थळावर तीन भाषांत आहे.

चौऱ्याऐंशी साली संघाचे संस्थापक गणपतराव वारले. चेअरमन बाळासोंनी ठरवलं की सभागृहात त्यांचं पूर्णाकृती तैलचित्र हवं. नामांकित चित्रकारांना विचारलं तर त्यांना वेळ नव्हता, शिवाय त्यांचा भाव ऐकून बाळासोंना खोकल्याची उबळ आली. मग कुणीतरी म्हणालं, आपल्या शंकरप्पा हमालाचा पोरगा चित्रकलेचा कोर्स करून आलाय. पंचवीस वर्षांच्या शिवशरणला बोलावलं आणि हातात गणपतरावांचा एक फोटो दिला. ओळखपत्रावरचा, गळ्यापर्यंतचा.

“ह्यांच्या गळ्याखालचं काय करू?” शिवशरणनं विचारलं.

“गळ्याखाली माणूस असतोय की रं,” बाळासो म्हणाले. “काढ कुठला तरी.”

शिवशरणनं आपला बाप बसवला. शंकरप्पानं बावीस वर्षं त्याच संघात गुळाचे रवे, म्हणजे ढेपी, वाहिले होते. तीस किलोचा रवा डोक्यावर, दिवसाला किती खेपा याची मोजदाद नाही. मान आणि खांदे त्यातून घडलेले. बाजाराच्या सुट्टीचे पाच दिवस तो गणपतरावांचा कोट घालून गणपतरावांच्या खुर्चीत बसला. म्हणजे आधी बसायलाच तयार नव्हता. “ह्या खुर्चीत मी? कुणी बघितलं तर उठवतील की रं,” असं म्हणून काठावर टेकला. कोटाची बटणं लागली नाहीत, ती लागल्यासारखी काढायची ठरलं.

उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, तेव्हा मात्र त्यानं एक बोट हळूच आत मुडपून घेतलं. जवानीत गुऱ्हाळावर चरकात ऊस सारताना तर्जनी गेली होती, दुसऱ्या पेरापासून. उरलं होतं ते थोटूक. बाजारात कुणाला राम राम घालतानाही शंकरप्पा ते झाकायचा.

“दिसू दे अप्पा,” शिवशरण म्हणाला.

“सायबाच्या फोटूत माझं थोटूक?”

“दिसू दे. कोर्सचे मास्तर म्हणाल्यात, दिसतंय तेच काढायचं.”

शंकरप्पानं बोट सोडलं. शिवशरणनं तो हात दीड दिवस काढला. घट्टे, नखांतला गूळ, थोटकाच्या टोकाची गुळगुळीत कातडी, सगळं. त्याच्यापुढं गणपतरावांचं डोकं त्यानं दोन तासांत उरकलं. आयुष्यात एवढं चांगलं आपल्या हातून पुन्हा काही उतरलं नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक आहे आणि ते खरंही आहे.

चित्र लागलं. काडीसारख्या गणपतरावांना एवढे रुंद खांदे पाहून घरची मंडळी खूश झाली. थोटूक मात्र आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सभागृहात येणारा माणूस चित्राकडं बघत नाही, चहा कुठपर्यंत आलाय ते बघतो. नवव्या दिवशी बाळासोंनी बघितलं.

“गणपतआबांचं बोट कुठं गेलं?”

शिवशरणनं सगळं सांगितलं. बाळासोंनी कपाळाला हात लावला. “अरं, संस्थापकाला हमालाचा हात? विरोधकांना कळलं तर जनरल मीटिंगला खुर्च्या उडतील की!” नवं चित्र काढायचं म्हणजे ठराव आला, ठराव म्हणजे मीटिंग आली. दुरुस्ती मात्र चेअरमनच्या सहीनं होते. तेव्हा दुरुस्ती करायची ठरली, आणि इथंच पुढच्या चाळीस वर्षांची मुळं रोवली गेली.

पण दुरुस्तीचा दिवस उगवायच्या आत, दसरा झाल्यावर चार दिवसांनी, शंकरप्पा रवा उतरवता उतरवता खाली बसला तो उठलाच नाही. घरात त्याचा फोटो नव्हता. संघाच्या एका जुन्या समूहछायाचित्रात तो होता, पण डोक्यावर रवा आणि चेहरा सावलीत. बापाचं म्हणून जगात जे काही चित्ररूपानं उरलं होतं ते त्या खुर्चीच्या दांड्यावर होतं, आणि त्यावर बोट चढवायचं काम मुलाकडं आलं होतं.

शिवशरणनं ते केलं. पण सरळ रंगावर रंग चढवला नाही. आधी त्या हातावर व्हार्निशचा जाड थर दिला, तो आठ दिवस वाळू दिला, आणि मग त्याच्यावर नवं बोट काढलं. म्हणजे कधीकाळी वरचं उतरवायचं झालं तर खालच्याला धक्का लागू नये. त्याचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं रुद्राणीला सभागृहात नेलं आणि चित्रापुढं उभं केलं.

“त्या हाताच्या खाली अप्पा हायत,” तो म्हणाला.

रुद्राणीनं बराच वेळ बघितलं. “मला तर सायबच दिसत्यात,” ती म्हणाली. त्यानं तिला दोष दिला नाही.

पुढं प्रत्येक चेअरमननं आपली दुरुस्ती करून घेतली. अमरसिंहांच्या काळात संघानं शाळा काढली, म्हणून सही करताना अंगठा उठवणाऱ्या गणपतरावांच्या हातात पेन आलं. पेन धरायला अंगठा हलवावा लागला. जुना अंगठा झाकायचा तर खुर्चीचा दांडा पुन्हा रंगवायला हवा होता, आणि अमरसिंह म्हणाले, “ऱ्हाऊ दे की, कोण मोजतंय.” तेव्हापासून सहा बोटं. त्यांच्यामागून आलेल्यांना दुधाचं राजकारण करायचं होतं, त्यांनी म्हैस घातली. नंतरच्यांचा साखर कारखान्याशी समझोता झाला, तेव्हा खिडकीत धूर सोडणारी कारखान्याची चिमणी आली. समझोता मोडला, चिमणीचं देऊळ झालं, पण तोवर चेअरमन बदलला आणि धूर पुसायच्या कागदावर सही करायला कुणी राहिलं नाही. एकाला वाटलं, संस्थापक अनवाणी बरे दिसत नाहीत, कोल्हापूरचे आहेत, चप्पल हवी. शिवशरण नमुना मागायला चप्पल लाइनीत गेला. तिथं दुकानदार बाहेर मांडायला जोडातली एकच चप्पल ठेवतात, चोरानं उचललीच तर त्याच्या उपयोगाची नको म्हणून. त्याला मिळाली ती डावी. संध्याकाळपर्यंत काम पुरं करायचं होतं. त्यानं दोन्ही पायांत तीच काढली आणि पायही तिच्या मापानं वळवले.

दर वेळी त्यानं आधी व्हार्निश दिलं. निदान हातावर तरी दिलंच. म्हशीच्या वेळी विसरला असेल.

आणि मग मॅडम आल्या. अनुजा मॅडम कलेच्या प्राध्यापक. नवं घर घेतलेल्या मैत्रिणीला गूळ न्यायचा म्हणून त्या संघात आल्या, आणि वजन होईपर्यंत सभागृहात डोकावल्या. महिन्याभरात त्यांचा बारा पानांचा लेख छापून आला. त्यात होतं की सहा बोटं म्हणजे संघाच्या कार्यक्षेत्रातले सहा तालुके. दोन्ही डावी पावलं म्हणजे चित्रकाराचा कष्टकऱ्यांच्या बाजूचा कौल. कळसातला धूर म्हणजे श्रमाची भट्टी हेच खरं देवस्थान. बलदंड मानेवर लहान डोकं, कारण सहकारात व्यक्ती लहान आणि संस्थेचा भार मोठा. म्हशीवर तर त्यांनी स्वतंत्र परिच्छेद खर्च केला होता, तिच्या नजरेतला प्रश्न अनुत्तरित आहे असं म्हणून. ते एवढं मात्र बरोबर होतं.

लेखावरून बातमी झाली, बातमीवरून रील झाल्या. शाळेच्या सहली यायला लागल्या. गुळाच्या खोक्यावर सहा बोटांचा पंजा छापला. नवा चेअरमन धैर्यशील, वय छत्तीस, चेहऱ्यावर कायम फोटो काढून घेण्याची तयारी. त्यानं ‘कलाभूषण शिवशरण’ असा फ्लेक्स चौकात लावला. शिवशरणनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव एवढं मोठं बघितलं, आणि तेही ज्यानं त्याचा धंदा बुडवला त्या कापडावर.

संकट आलं ते वार्षिक सभेत. त्या वर्षी संघानं हातकणंगले तालुका कार्यक्षेत्रात घेतला होता. हातकणंगल्याचे सभासद उठून उभे राहिले. “आमच्या तालुक्याचं बोट कुठाय? सहा तालुक्यांची बोटं हायत, आमी काय घोडं मारलंय?” तिकडून सहा तालुके ओरडायला लागले. अर्धा तास गोंधळ झाला आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात ठराव मंजूर झाला: संस्थापकांना सातवं बोट देण्यात यावं. एवढ्या वर्षांत चित्राच्या दुरुस्तीसाठी झालेला हा पहिला ठराव. त्याचाच दुसरा भाग असा, की बोट झाल्यावर चित्र खास काचेच्या बंद पेटीत ठेवावं, आत यंत्रानं हवा राखावी आणि यापुढं त्याला कुणाचाही, अगदी चित्रकाराचाही, हात लागू नये.

 आजवर ‘अप्पांचा हात मोकळा करायचं पुढच्या दुरुस्तीला बघू’ असं म्हणत शिवशरणनं दिवस काढले होते. आता पुढची दुरुस्ती नव्हती. वय सहासष्ट, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि बापाचा हात काचेमागं सात बोटांखाली गाडला जाणार. त्यानं विचार केला, चित्र भंगारात निघालं तर आपल्याला मागता येईल. म्हणून तो धैर्यशीलच्या केबिनमध्ये गेला. तिथं अनुजा मॅडमही बसल्या होत्या.

“सायेब, त्ये चित्र चुकीचं हाय,” तो म्हणाला. “बोटं चुकून झाल्यात. पाय चुकून झाल्यात. दुकानदारानं एकच चप्पल दिल्ती. लोकं हसत्यात आपल्याला. भिंतीवरनं काढा आणि टाकून द्या. टाकायचं जड जात असलं तर मी न्हेतो घरी.”

अनुजा मॅडमच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “बघितलंत?” त्या धैर्यशीलला म्हणाल्या. “आपल्याच कलाकृतीला नाकारणं. एवढी विनम्रता मी फक्त फार मोठ्या कलावंतांत पाहिली आहे.”

“न्हाय हो बाई, खरंच चुकलंय. दाखवतो की तुमास्नी. ह्यो अंगठा अमरसिंहांच्या येळचा—”

“चूक हाच निर्मितीचा गाभा,” मॅडम म्हणाल्या आणि वहीत लिहूनही घेतलं.

धैर्यशीलनं उठून शिवशरणच्या खांद्यावर हात टाकला. “काका, एक चप्पल दिल्ती ही गोष्ट भारी हाय. कार्यक्रमात सांगा.” बाहेर चहा आला होता. शिवशरणनं तो प्यायला, कारण नाही म्हणण्यासारखं आता त्याच्याकडं काहीच उरलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं रुद्राणीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “मग काय, काढायचं सातवं?”

“काढायला चार दिवस दिल्यात. दार बंद करून.”

“दार बंद?”

“व्हय. मॅडम म्हणाल्या, निर्मितीच्या येळी कुणी बघायचं न्हाई.”

रुद्राणीनं भाकरी तव्यावर टाकली, आणि या वेळी तवा आपटला नाही. “मग बसलाय कशाला?” ती म्हणाली.

सभागृहाचं दार आतून लावून शिवशरण शिडीवर चढला. कापूस, स्पिरिट, टर्पेंटाइन आणि आयुष्यभराची भीती सोबत होती. चाळीस वर्षांत व्हार्निशनं रंग आत ओढून घेतला असेल तर? कापसाबरोबर बापाचंच कातडं निघून आलं तर? पहिला दिवस नुसता बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं पेनाच्या टोकावर कापूस टेकवला आणि हळूहळू फिरवला. कापूस निळा झाला. पेन गेलं. एकेक चेअरमन कापसावर येऊन बादलीत पडू लागला. अमरसिंहांचा अंगठा लवकर सुटला. बाळासोंच्या बोटानं मात्र अख्खा तिसरा दिवस घेतला, जिवंतपणी खुर्ची सोडताना घेतला होता तसाच वेळ. दुपारी कधीतरी जुन्या व्हार्निशचा पिवळा थर सुटला आणि खालून थोटूक वर आलं.

नखांत गूळ होता. शिवशरण शिडीवर बसला आणि मोठ्यानं रडला. बाहेर व्हरांड्यात शिपायानं ते ऐकलं आणि ऑफिसात जाऊन सांगितलं, की निर्मिती जोरात चालू आहे.

चौथ्या दिवशी सातवं बोट काढायला वेळ होता. त्यानं काढलं नाही. म्हशीला, धुराला आणि चपलांनाही हात लावला नाही. म्हशीनं त्याचं काय वाकडं केलं होतं? हातावर पातळ व्हार्निश दिलं, पडदा सोडला आणि घरी गेला.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होता, म्हणून दुपारी सव्वाला सुरू झाला. हातकणंगल्याहून तीन बसगाड्या भरून लोक आले होते. पहिल्या रांगेत संचालक, दुसऱ्या रांगेत त्यांच्या सौभाग्यवती, आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला, भाकरीच्या गडबडीतून वेळेवर पोचलेली रुद्राणी. शिवशरणला व्यासपीठावर शाल पांघरून बसवलं होतं. धैर्यशीलनं दोरी ओढली. पडदा मधेच अडकला. शिपायानं काठीनं ढोसला तेव्हा पडला.

लोक मोजायला लागले. सगळं सभागृह ओठ हलवत होतं. मग हळूहळू ओठ थांबले. चार बोटं आणि एक थोटूक.

धैर्यशीलचं हसू फोटोसाठी होतं, ते तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागनं आवाज आला. “काका, बोट कुठाय?”

“चरकात गेलं, सायेब,” शिवशरण म्हणाला.

“कुठल्या चरकात? बाकीची सहा तालुकं कुठं गेली? हातकणंगलेकर मारतील मला!” खरंच मागच्या बाजूला खुर्च्या सरकल्याचा आवाज यायला लागला होता. तेवढ्यात अनुजा मॅडमनी माइक हातात घेतला. त्यांचाही चेहरा क्षणभर कोरा पडला होता, पण बारा पानं लिहिणारं माणूस क्षणाहून जास्त कोरं राहत नाही.

“मित्रहो,” त्या म्हणाल्या, “बोटं मोजायचे दिवस संपले. आजवर आपण गणपतरावांकडं काय आहे ते बघत होतो. आज चित्रकारानं, त्यांनी काय दिलं ते दाखवलं आहे. सातही तालुक्यांसाठी संस्थापकानं आपलं बोट दिलं. हा त्याग आहे!”

हातकणंगल्याच्या बाजूनं कुणीतरी टाळी वाजवली. सात तालुक्यांना मिळून एकच बोट, तेही गेलेलं, म्हणजे कुणाला जास्त नाही आणि कुणाला कमी नाही, हा हिशेब सगळ्यांना पटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘गणपतराव अमर रहे’ झालं. धैर्यशीलचा रंग परत आला आणि तो कॅमेऱ्यांना चित्राच्या डाव्या बाजूनं घ्या म्हणून सांगायला लागला. शिवशरणनं उठून माइककडं हात केला, तो कुणीतरी कौतुकानं दाबला आणि त्यात गुच्छ दिला. “माझा बाप हाय त्यो,” तो म्हणाला. शेजारच्या संचालकांनी मान डोलावली. “आपल्या सगळ्यांचाच,” ते म्हणाले.

शिवशरण गुच्छ घेऊन खाली बसला. एवढ्या लोकांत एकालाही कळलं नाही, या विचारात त्यानं तिसऱ्या रांगेकडं बघितलं.

सगळी माणसं टाळ्या वाजवत होती. रुद्राणी वाजवत नव्हती. ती उभी राहिली होती आणि त्या हाताकडं बघत होती. मग तिनं खांद्यावरचा पदर ओढून डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत नीट केला आणि मान खाली घातली. चाळीस वर्षांच्या संसारात न बघितलेल्या सासऱ्यांसमोर ती पहिल्यांदा उभी होती.